झऱ्यावरची सोनाक्का

सोनुबाई कांबळेनं आयुष्यात कुणाला पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता, आणि अभिमान हा असा पाहुणा आहे की तो कधी आत आला आणि कधी घरचा होऊन बसला ते कळत नाही. बाकी बाई साधी. ठेंगणी, सावळी, बोलायला फटकळ. वस्तीतली पोरं तिला टरकून असत आणि म्हातारी माणसं तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. सगळे तिला सोनाक्का म्हणत.

संकेश्वरच्या पलीकडं, एसटीनं तासाभराच्या वाटेवर, तिचं गाव होतं. कुरणवाडी. होतं म्हणायचं, कारण पंचाहत्तर साली धरणाचं पाणी अडवलं आणि गाव त्यात गेलं. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना भरपाई मिळाली, पलीकडच्या काठावर प्लॉट मिळाले, पत्र्याची नवी वसाहत उभी राहिली. महारवाड्यातल्या घरांच्या नावावर वीतभर माती नव्हती. मग त्यांना कशाची भरपाई द्यायची? भरपाई वाटणाऱ्या साहेबानं हात वर केले. पाणी उंबऱ्याला लागलं तशी ही माणसं गाडगी-मडकी घेऊन गावामागच्या टेकावर चढली, आणि पहिल्याच पावसाळ्यात टेकाच्या चारी अंगांनी पाणी फिरलं. गावची वेस ज्यांना कधी ओलांडू दिली नव्हती त्यांच्याभोवती सरकारनंच असा खंदक घातला.

चहूकडं पाणी, मग पाण्याची कसली ददात, असं ऐकणाऱ्याला वाटतं. वाटू दे. ज्यानं ते पाणी प्यालं नाही त्याला तसंच वाटणार. खाली अख्खं गाव कुजत होतं. झाडं, उकिरडे, गोठे, न उकरलेली मढी. पावसाळ्यात ते पाणी गढूळ असायचं आणि उन्हाळ्यात पाणी हटलं की हिरवंगार, वर साय धरलेलं. त्यात तुरटी फिरवली तर डोळ्यांना बरं दिसायचं, पण नाकाला फसवता यायचं नाही. त्यानं भांडी घासायची, धुणं धुवायचं, जनावरं पाजायची. प्यायचं पाणी झऱ्याचं.

हा झरा टेकाच्या कुशीत होता. उंबराच्या मुळाशी खडकाला एक चीर होती, तिच्यातून पाणी पाझरायचं आणि खाली घमेल्याएवढ्या खळग्यात साठायचं. वाटीनं उपसून घागर भरायची, मग खळगा पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचं. पाणी मात्र असं गोड की त्यात शिजवलेली तूरडाळ मेणासारखी व्हायची. गाव होतं तेव्हा गावच्या विहिरीवर यांना मज्जाव, म्हणून यांच्या बायका एवढा चढ चढून इथं यायच्या. गाव त्याला महारांचा झरा म्हणायचं आणि नाक मुरडायचं. आता गावची विहीर बुडाली आणि नाक मुरडलेला झरा तेवढा वर राहिला. सोनाक्काला याचं मोठं हसू यायचं.

झऱ्यावर पाळी असे. उसाला पाण्याची पाळी असते तशीच घराघराची पाळी, आणि ती बघायचं काम सोनाक्काकडं. तिच्या आधी ते तिची सासू अंबुबाई बघायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा महारवाड्यानं अंबुबाईच्या अंगणात बसून एक ठराव केला होता. आपल्याला पिढ्यान्पिढ्या पाणी नाकारलं, आपण कुणाला नाकारायचं नाही. तहानलेला कुणी का असेना, झऱ्यावरून कोरड्या तोंडानं जाणार नाही. सासूनं मरताना सुनेकडून तेवढंच कबूल करून घेतलं. दागिना देण्यासारखा नव्हताच.

ठराव झाला तेव्हा टेकावर येत होतं कोण? एखादा गुराखी, वाट चुकलेला एखादा धनगर. एवढ्यांना पाणी पाजायला झरा पुरून उरत होता.

मग लाँच आली.

लाँच मारुतीराव पाटलाची. हा जुन्या पाटलाचा मधला मुलगा, भरपाईच्या पैशातून त्यानं ती घेतली होती. माणूस वाईट म्हणता येणार नाही. गोडबोल्या, हसतमुख, आणि कशातून काय निघेल हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. बेळगाव-निपाणीची माणसं धरण बघायला येऊ लागली होती. त्यांना पाण्यातून फिरवायचं, टेकावर उतरवायचं, चहा-भजी द्यायची, असा त्याचा बेत. आपण ज्याला टेक म्हणतो त्याला आता बेट म्हणायचं, हेही त्यानंच ठरवलं. सोनाक्काच्या मुलाला, भीमसेनला, त्यानं लाँचवर कामाला घेतलं. वस्तीला बरं वाटलं.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये तो पहिली लाँच घेऊन आला, सोबत बेळगावची चार बडी माणसं. चढ चढून सगळ्यांचे घसे सुकले. झऱ्यावर सोनाक्का पाळी बघत बसली होती. तिनं न विचारता तांब्या पुढं केला. पाहुण्यांना काय माहीत? ते घटाघटा प्याले. मग तांब्या मारुतीरावापुढं आला. त्याला माहीत होतं. क्षणभर तो थांबला. मग त्यानं तांब्याला तोंड लावलं, वरून धार न सोडता, आणि सगळा तांब्या रिकामा केला.

"सोनाक्का, अमृत हाय गं तुझं पाणी," तो म्हणाला.

पाटलाच्या वाड्यातला माणूस आपल्या हातचं प्याला. सोनाक्का घरी गेली आणि चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. सासू बघायला नाही म्हणून रडली. वस्तीतले जुने नागोजी तात्या, दीक्षेच्या वेळी ठराव मांडणारे तेच, त्यांना तिनं हे सांगितलं तर ते तंबाखू मळत म्हणाले, "तहान लागली हुती, प्याला. तू लगीच का डोळं गाळाय लागलीस?" सोनाक्का त्यांच्यावर दोन दिवस रुसली.

आठवड्यानं मारुतीराव पुन्हा आला. "सोनाक्का, हाटेलाला एक पिंप भरून न्हेऊ काय? धरणाच्या पाण्याचा चहा कोण पीत न्हाय बघ."

"न्ह्या की. पान्याला कोन न्हाई म्हनतंय?"

इथं तिची चूक झाली. पण ती चूक करायला सोनाक्काच लागत होती. ज्याच्या घराला आजवर कुणी पाणी नाकारलंच नाही, त्याला त्या तांब्याची किंमत कशी कळणार? तो सरळ म्हणाला असता, पिंपबिंप मिळणार नाही. हिच्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं.

पाहुणे विचारू लागले, झऱ्याचं नाव काय? महारांचा झरा म्हणून सांगितलं तर लाँच अर्ध्या वाटेतून परत फिरेल हे मारुतीरावाला ठाऊक. त्यानं कुठून तरी एक गोटा आणला, शेंदूर फासला, चिरेपाशी मांडला आणि गंगाबाईचं तीर्थ असं नाव दिलं. झालं! माणसं बाटल्या घेऊन येऊ लागली. कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं. बेळगावच्या देव्हाऱ्यांत कुरणवाडीच्या महारवाड्याचं पाणी जाऊन बसलं.

नागोजी तात्या भडकले. "आपुन देव सोडलं. आनि तुमी आपल्याच झऱ्यावर गोटा मांडू देताय?"

"आमी कुटं पुजतोय त्याला?" सोनाक्का म्हणाली. तिला उलट हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. "ज्यास्नी आमची सावली चालत न्हवती, त्येंच्या देवाला आमच्या पान्यानं आंगूळ घालत्यात. घालू द्या की! त्येंचा देव बाटला तर आपल्याला काय?"

यावर सगळी वस्ती पोट धरून हसली. नागोजी तात्यांनासुद्धा हसू आवरलं नाही. किती दिवस हा विनोद चालला होता! त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही की पाळीत घराला दोन घागरी यायच्या त्या ठिकाणी एकच येऊ लागली आहे.

ब्याऐंशीत मारुतीरावानं पाहुण्यांना राहायला चार खोल्या बांधल्या. आता पिंपानं भागेना. त्यानं चिरेलाच सिमेंट लावलं, नळी बसवली, खाली टाकी बांधली. टाकी भरून जे वाहील ते वस्तीनं घ्यायचं, असं ठरलं. म्हणजे त्यानं ठरवलं. पावसाळ्यात टाकी वाहायची. होळीनंतर ती वाहायची बंद व्हायची. आणि त्या खोल्यांच्या मोऱ्या-संडासाचं पाणी कुठं जायचं? उतारानं खाली धरणात, जिथं वस्तीच्या बायका उतरायच्या त्याच अंगाला.

बायका धरणाचं पाणी पिऊ लागल्या. उकळून प्यावं म्हणाल, तर सरपण कुठून आणायचं? टेकावरची झाडं हॉटेलच्या भट्टीनं खाल्ली होती. पलीकडून पाणी आणावं तर लाँच मारुतीरावाची. तालुक्याच्या कचेरीत नागोजी तात्या आणि सोनाक्का दोनदा जाऊन आली, एक बोअर मारून द्या म्हणून. साहेब कानडी मुलखातला, पण भला माणूस, खुर्ची दिली, मराठीत बोलला. नकाशा काढून त्यानं दाखवलं, कुरणवाडी बुडालेली आहे. बुडालेल्या गावाला बोअर कशी मंजूर करायची? "आवो, पर आमी जित्ती हाय न्हवं?" सोनाक्का म्हणाली. साहेबानं मान हलवली. त्यालाही ते दिसत होतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वस्तीत कावीळ आली. पोरांना झाली, गड्यांना झाली, महिनाभर पिवळी होऊन ती उठली. यशोदाबाईची लेक पारू बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. तिला झाली आणि ती उठली नाही. गळ्यात काविळीची माळ घातली, ती लांबत खाली आली की कावीळ उतरते म्हणतात, माळ खाली आली, पण पोरगी बेशुद्ध पडली ती पडलीच. भीमसेननं तिला लाँचवर घालून काठाला नेलं, तिथून संकेश्वरला. पोटातलं मूलही गेलं. संकेश्वरच्या डॉक्टरांनी यशोदाबाईला सांगितलं, ही कावीळ घाण पाण्यातून येते आणि पोटुशीला सोडत नाही.

पारू जन्मली तेव्हा सोनाक्कानंच तिला ओंजळीत धरलं होतं, लहानाची मोठी होताना बघितलं होतं. तिच्या मातीवरून सोनाक्का परत आली. आपल्याकडं पाळी होती, आपण पाणी बघायला होतो, आणि पोरगी पाण्यानं मेली. एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. यशोदाबाई तिला एका शब्दानंही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सोनाक्काच्या सुनेला, ताराला, पाचवा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं होऊन पहिल्यांदाच दिवस राहिले होते. तारा दारात बसून विड्या वळायची आणि तहान लागली की उठून रांजणाकडं जायची. तिनं वाटी ओठाला लावली की सोनाक्का हातातलं काम टाकून बघत राहायची. भीमसेन काठावरून एक डबा पाणी आणायचा, ते दोन दिवस पुरायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा धरण.

एका सकाळी ती झऱ्यावर गेली, पहार घेतली, सिमेंट फोडलं आणि नळी उपटून उतारावर फेकून दिली. शेंदराच्या गोट्याला मात्र तिनं हात लावला नाही. त्यावरून दंगा झाला असता, आणि दंग्यात मार कुणी खाल्ला असता ते तिला माहीत होतं. बाकीच्या बायका धावत आल्या. खळगा साफ करून त्या पाळी लावून बसल्या.

दुपारी मारुतीराव आला. सगळ्यांना वाटलं आता पोलीस, आता शिव्या. तो खडकावर बसला, टोपी काढून घाम पुसला.

"सोनाक्का, तूच व्हय म्हणालतीस न्हवं?"

"म्हनालतो. आता न्हाई म्हनतो," सोनाक्का म्हणाली.

"पाण्याला?"

सोनाक्कानं खळग्यात वाटी बुडवली आणि घागरीत ओतली.

"बरं," तो उठत म्हणाला. "मी काय तुमच्या पोटावर मारणार न्हाय. हाटेलाला पाणी मी काठावरनं आणतो. पर लोक तीर्थ मागत्यात. त्यास्नी मी तुझ्याकडं लावून देतो. देणं न देणं तुझ्या हातात. येकेकाला तूच न्हाई म्हण." जाता जाता त्यानं भीमसेनला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, अगदी खांद्यावर हात ठेवून.

त्याला सोनाक्का बरोबर कळली होती. एक-दोन रविवारांत ही म्हातारी विरघळेल, तांब्या पुढं करील, आणि मग तिच्या नाकाखालून नळी पुन्हा बसेल, असा त्याचा हिशेब. आणि तो फार चुकीचा नव्हता. पहिल्या रविवारी लाँचभर माणसं वर आली. सोनाक्का चिरेपाशी काठी घेऊन बसली होती. "पानी न्हाई. वस्तीला पुरत न्हाई. खाली हाटेलात जावा," ती म्हणायची आणि म्हणताना मान खाली घालायची. कुणी बाचाबाची केली, कुणी हात जोडले, कुणी देवीचं पाणी अडवतेस तर तुला फळ मिळेल म्हणून शाप दिला. शापाचं तिला काही वाटलं नाही. ज्यांनी हात जोडले त्यांचं वाटलं. त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली नाही. पण तारा झऱ्याचं पाणी प्याली.

असे बरेच रविवार गेले. मे महिना उजाडला. चिरेतून आता धार नव्हती, थेंब होते. दर घराला अर्धी घागर. लाँचवरचं काम गेलं तसा भीमसेनचा काठावरचा डबाही बंद झाला होता. ताराला सातवा महिना लागला, पारूला होता तोच, आणि सोनाक्काचा जीव टांगणीला लागला. बिगारीला गेलेला भीमसेन संध्याकाळी येऊन आधी ताराच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. पिवळा नाही ना? मग जेवायला बसायचा.

त्या दिवसांत एका दुपारी एक कुटुंब वर आलं. तीस-पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बेळगावात कुठं तरी मास्तर किंवा कारकून असावा. सोबत बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. इतर लोक तडक झऱ्यापाशी यायचे, गोट्याला हात जोडायचे. हा माणूस लांब उभा राहिला. गोट्याकडं त्यानं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मुलीचं तोंड उन्हानं लाल झालं होतं, ती आईच्या पदराला ओढत होती.

"बाई, पोरीला घोटभर पाणी मिळेल का?" तो म्हणाला. "आम्ही तिथं येत नाही. तुम्ही वरून ओतलं तरी चालेल."

वरून ओतलं तरी चालेल! सोनाक्कानं झटकन वर पाहिलं. असं कोण बोलतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. मग बायकोनं पोरीला उचललं तेव्हा पदर सरकला आणि काळ्या दोऱ्यातलं लॉकेट दिसलं. त्यात बाबासाहेब होते.

सोनाक्काच्या तोंडापर्यंत शब्द आला. ये बाबा, बस, आम्ही तुमचीच. पण तो शब्द तोंडातून गेला की वाटी भरून द्यावी लागणार. पोरीला दिली की आईला द्यावी लागणार. आणि त्यांच्या मागं चढावर माणसांची रांग लागलेली, घामेजलेली, हातात बाटल्या. एकाला दिलं आणि आम्हाला का नाही, म्हणून ती पुढं सरकली की खळग्यात काय उरणार? खळग्यात होतं ते ताराचं होतं. सकाळपासून थेंब थेंब साठलेलं.

"पानी न्हाई," ती म्हणाली.

"खळग्यात दिसतंय की," बायको हळूच म्हणाली.

"ते न्हाई मिळायचं."

माणूस तिच्याकडं बघत राहिला. शेंदराचा गोटा, त्याच्याशेजारी काठी घेऊन बसलेली बाई, आणि भरलेला खळगा. एवढं बघितल्यावर त्यानं काय समजायचं? त्याच्या जागी कुणीही तेच समजलं असतं. तो रागावला नाही. हसला, आणि ते हसणं सोनाक्काला लागलं.

"आमची जात कळलेली दिसते," तो बायकोला म्हणाला. "चल. हे लोक काही सुधारायचे नाहीत."

एवढं बोलून त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं आणि तो उतरू लागला. मुलगी मागं वळून बघत होती आणि पाणी, पाणी म्हणत होती. सोनाक्का अर्धी उठली. हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतला पुढचा माणूस बाटली पुढं करून उभा राहिला आणि ती पुन्हा खाली बसली.

संध्याकाळी तिनं घागर घरी आणली. ताराला समोर बसवून तिनं वाटी हातात दिली आणि ती पूर्ण पिऊन होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिली. "अजून पी," म्हणाली. तारा म्हणाली, पोटात जागा नाही. तरी तिनं आणखी अर्धी वाटी पाजली.

भीमसेन आला, त्यानं नेहमीसारखे ताराचे डोळे बघितले. मग आईकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"काय झालं गं आये? कोन काय बोललं काय?"

"कोन न्हाई."

"मग? कोन आलतं आज?"

सोनाक्कानं जवळची रिकामी वाटी उपडी घातली.

"आपलीच मानसं आलती," ती म्हणाली. "पोरगी तान्हेली हुती. म्या परत लावली."